शेजारच्या टेबलाचे वीस गुण

ऋचा टेबलाखाली गुडघ्यांवर बसून सोयाबीनचे दाणे वेचत होती. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावा दाणा टेबलाच्या लोखंडी पायामागे जाऊन बसला होता. तिनं त्याला नखानं ओढून काढलं आणि तळहातावरच्या बाकीच्यांत टाकलं. तेवढ्यात समोर दोन मोठे बूट येऊन थांबले.

“हा कोनाचा रोबो हाय? केवढ्याले पडला?”

सकाळपासून हा प्रश्न विचारणारे हे अकरावे गृहस्थ. ऋचा मुद्दामच बाहेर आली नाही. उत्तर द्यायला तिचे बाबा होते.

“माझ्या मुलीचा,” माधवराव म्हणाले. “किट बंगळुरूहून मागवलंय. चांगल्या कंपनीचं आहे.”

“मंग तं पळनारच!” गृहस्थ म्हणाले, आणि बूट पुढच्या टेबलाकडे गेले.

ऋचानं दाण्यांची मूठ आवळली. नीट पळत असतं तर ती टेबलाखाली रांगत कशाला बसली असती? पण हे त्या बुटांना सांगणार कोण? बाबांनाही सांगून उपयोग नव्हता. बाबा सावंगीच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर होते, दिवसभर लोकांची मोडलेली हाडं जोडायचे, आणि लेकीच्या कौतुकात मात्र त्यांना नेमकं काय सांगायचं हे कळत नसे. ते आपले भाबडेपणानं किटच्या खोक्याची कीर्ती गात राहायचे.

ती बाहेर आली, दाणे वाटीत टाकले आणि वहीत लिहिलं : फेरी एकोणीस, सांडलेले दाणे तीस. त्याच्या वरच्या ओळीत चौतीस होतं, त्याच्या वर एकतीस. वीस दिवसांपूर्वीच्या पानावर दोनशे बारा असाही आकडा होता, पण ते पान ती आता उघडत नसे.

सावंगीतल्या एका कॉलेजच्या सभागृहात जिल्ह्यातल्या शाळांची रोबोटिक्स स्पर्धा भरली होती. चौदा टेबलं, चौदा संघ, आणि हौशी पालकांची ही गर्दी. काम ऐकायला सोपं होतं. फरशीवर काळी चिकटपट्टी लावलेली. यंत्रानं सोयाबीननं काठोकाठ भरलेली वाटी घेऊन त्या पट्टीवरून जायचं, मधला लाकडी चढ-उतार ओलांडायचा आणि शेवटी डब्यात वाटी उपडी करायची. एकदा सोडलं की हात लावायचा नाही. डब्यात पडलेले दाणे काट्यावर तोलायचे, वेळ घड्याळावर बघायची. याचे ऐंशी गुण. पहिला येणारा एकच संघ राज्याच्या फेरीसाठी पुण्याला जाणार होता.

उरलेले वीस गुण मेहनतीचे. ते देण्याची पद्धत मुख्य परीक्षक बबनरावांनी घालून दिली होती. बबनरावांनी तीस वर्षं आयटीआयच्या पोरांना फिटरचं काम शिकवलं होतं. निवृत्त होऊनही त्यांचा आवाज वर्कशॉपमधल्या मशीनवरून पलीकडे पोचेल एवढा होता. सकाळी माईक समोर असतानाही ते तसेच बोलले आणि पहिल्या रांगेतल्या दोन मॅडमनी कानांवर हात ठेवले.

“परीक्षक तुमच्या टेबलापाशी किती येळ उभा राहीन? पाच मिनटं. त्याले काय दिसते? मशीन दिसते. मेहनत दिसत नाई. मेहनत शेजाऱ्याले दिसते, कारन तो दिवसभर तुमच्या बाजूले बसून राह्यते. म्हनून मेहनतीचे गुन शेजारच्या टेबलानं द्याचे. सातनं आठले, आठनं सातले, असं. चिठ्ठीवर आधी लिवाचं, काय पाह्यलं. ऐकलं नाई, पाह्यलं. आन् मंग खाली आकडा. नुसता आकडा मी फाडून फेकीन.”

“पण सर, शेजारी शेजाऱ्याला कधी चांगले गुण देईल का?” एका शिक्षकांनी विचारलं. सभागृहात हशा पिकला.

“नसन देत तं तेबी कळू द्या,” बबनराव म्हणाले. “आन् चिठ्ठी संध्याकाळी ज्याची त्याले भेटनार हाय. समोर उभं राहून वाचन तो. मंग लिवा काय लिवाचं ते.”

ऋचाचं टेबल सात नंबरचं. आठ नंबरवर आष्टीकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेची दोन मुलं होती, मेघा आणि अंकित. दोघंही तिच्यासारखीच आठवीतली. त्यांच्या यंत्राभोवती सकाळपासून माणसांचं कडं पडलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं ऋचाचा जळफळाट होत होता.

यंत्र होतंच तसं. खाली प्लायवूडची फळी, तिला मोडक्या खेळण्यातल्या गाडीची चाकं आणि दोन मोटरी. वर फवारणी पंपाची जाडजूड बॅटरी. पुढच्या बाजूला काळी पट्टी ओळखणारे दोन डोळे, तेही अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या छोट्या दिव्यांतून काढलेले. येणारा प्रत्येक जण वाकून बघायचा आणि “टाकाऊतून टिकाऊ!” म्हणून मान डोलवायचा. एका वार्ताहरानं तर दोघांना खुर्चीवरून उठवून खाली फरशीवर बसवलं, कारण फोटोत ते बरं दिसतं.

“टाकाऊ काऊन म्हनता सर?” मेघानं फोटो काढून झाल्यावर त्याला विचारलं. “ब्याटरी नवीन हाय. माह्या बाबाच्या पंपाची. परवा फवारनी हाय, वापस द्या लागते.”

वार्ताहर हसला आणि दुसऱ्या टेबलाकडे वळला. त्यानं सात नंबरकडे बघितलंही नाही.

त्यांना कुणी विचारत नाही, केवढ्याला पडलं म्हणून, ऋचाच्या मनात आलं. आणि मला कुणी विचारत नाही, कसं केलंस म्हणून. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनं पेचकस उचलला आणि पुन्हा वाटी सोडवायला घेतली.

खोक्यातून आलेलं यंत्र सपाट फरशीवरच्या रेघेवरून चालायचं, एवढंच. चढ-उतार खोक्यात नव्हता. वाटी नव्हती. वाटी उपडी करणारा हात तिनं स्वतः बनवला होता, तोही चार वेळा मोडून पाचव्यांदा. चढावर वेग किती, उतारावर किती, हे सगळे आकडे तिनं तीन महिने एकेक करून बसवले होते. जोडीला सुश्रुत होता, पण ऐन आठवड्यात त्याच्या क्लासची परीक्षा आली आणि त्याच्या आईनं फोन करून सांगितलं की हे रोबो-बिबो नंतर. म्हणून आज ती एकटी होती. यातलं काहीच यंत्राकडे बघून कळत नव्हतं. चकचकीत पिवळ्या पट्ट्या आणि त्यांवर कंपनीचं नाव, तेवढंच काय ते दिसायचं.

अडचण एकाच जागी होती. उतार संपून चाकं फरशीला टेकली की वाटीला हिसका बसायचा आणि तीसेक दाणे उडायचे. तिनं वेग कमी करून बघितला, वाटी मागं सरकवून बघितली, पुढं आणून बघितली, स्क्रू घट्ट केले, सैल केले. तीसचे अठ्ठावीस व्हायचे, पुन्हा चौतीस व्हायचे.

दुपारी एक वाजता बाबांनी डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला.

“बेटा, दोन घास खाऊन घे.”

“आत्ता नाही बाबा.”

“यंत्र काय पळून जातंय का?”

“तोच तर त्रास आहे,” ऋचा म्हणाली, आणि वाटीखालचा स्क्रू पुन्हा फिरवायला लागली. बाबांनी डबा झाकून खुर्चीवर ठेवला.

सभागृहाच्या दक्षिणेला उंच खिडक्या होत्या. त्यांतून ऊन आत यायचं आणि हळूहळू फरशीवरून सरकत जायचं. ऋचाच्या यंत्राला त्याचं काही नव्हतं. पण शेजारच्या टेबलावर मात्र उन्हानं उच्छाद मांडला होता. त्यांचे डोळे उजेडावर चालायचे. ऊन जरा सरकलं, बाहेर ढग आला, कुणी पडदा ओढला की यंत्र काळी पट्टी सोडून भलतीकडेच चालायला लागायचं, एकदा तर थेट बबनरावांच्या खुर्चीखाली गेलं.

“उजेड बदलला बे अंकित,” मेघा म्हणायची.

अंकित लगेच फरशीवर पालथा पडायचा, डोळ्यांजवळचे दोन बारीक स्क्रू फिरवायचा. मेघा उकिडवी बसून शाळेची फाइल आडवी धरून सावली करायची. “अजून थोडा... थोडा वापस... हं, राहू दे.” मग ती एका कागदावर वेळ लिहायची आणि त्यापुढे स्क्रू किती फिरवला ते. यंत्र एकदा रेघेवरून जायचं, दोघं त्याच्या मागून वाकून चालायची, आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा ऊन सरकलेलं असायचं.

ऋचाला बघायचं नव्हतं. पण शेजारी बसून किती वेळ न बघणार? आणि तिला त्या कामातलं कळत होतं, हीच पंचाईत होती. येणारे जाणारे फळी आणि खेळण्याची चाकं बघून खूश व्हायचे. ती एकटीच हे बघत होती की दोघं दर वीसेक मिनिटांनी सगळं पहिल्यापासून करतात.

अडीच वाजता खऱ्या फेऱ्या सुरू झाल्या. सात नंबरचं नाव पुकारलं तेव्हा ऋचानं वाटी काठोकाठ भरली आणि यंत्र रेघेवर ठेवलं. यंत्र सुटलं ते झपकन निघालं, वळणं सफाईनं घेतली, चढ चढलं, उतार उतरलं, आणि व्हायचं तेच झालं. मूठभर दाणे फरशीवर उडाले. पण बाकीची वाटी त्यानं डब्यात नीट उपडी केली. बाबांनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या. गुण चौऱ्याहत्तर. तोवरच्या सात संघांत सगळ्यांत जास्त.

मग आठ नंबर. ते धूड निवांत निघालं. मध्येच खिडकीबाहेर ढग आला तेव्हा अंकितनं डोळे मिटून घेतले, पण यंत्र जरासं डगमगून रेघेवरच राहिलं. उतारावर ऋचा वाकून बघत होती. चाकं फरशीला टेकली, बॅटरी हलली, फळी हलली, आणि वाटी नुसती डुलली. एक दाणा पडला नाही. वेळ इतका लागला की मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी दोनदा “आलं का?” विचारलं. वेळेचे गुण गेले. त्र्याहत्तर.

शेवटच्या संघापर्यंत फळ्यावर हेच दोन आकडे वर राहिले. सात नंबर चौऱ्याहत्तर, आठ नंबर त्र्याहत्तर. तिसरा संघ बराच खाली होता. गणित कुणालाही कळण्यासारखं होतं. पुण्याला कोण जाणार हे आता सातनं आठला आणि आठनं सातला काय दिलं यावर होतं.

बबनरावांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि पालकांना बाहेर काढलं. “मायबापानं बाहीर चहा घ्याचा,” ते म्हणाले. “चांगला हाय. आलं टाकलं हाय.”

ऋचा चिठ्ठीसमोर बसली. तिला पुण्याला जायचं होतं. नुसतं फिरायला म्हणून नाही. तिथं यंत्रापुढे उभं करून प्रत्येकाला वीस मिनिटं प्रश्न विचारतात, असं तिनं वाचलं होतं. वीस मिनिटं कुणीतरी तिला विचारणार होतं, हे तू कसं केलंस. तीन महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, बाबांनीसुद्धा नाही. तो तिला हवा होता.

आणि आठ नंबर तिला काय देणार, हे तिला आत्ताच दिसत होतं. सकाळपासून त्या टेबलावर एकदाही कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. ती तरी कुठं बोलली होती? त्यांनी खोकं बघितलं असेल, कंपनीचं नाव बघितलं असेल, बाबांचं बोलणं तर सगळ्या सभागृहानं ऐकलं होतं. सात देतील. फार तर आठ. मग आपण नऊ दिले तर त्यात वाईट काय? नऊ ठीक आहेत, तिनं ठरवलं.

पण आधी ओळ लिहायची होती. तिनं लिहिलं, “यांच्या यंत्राचे डोळे उजेडावर चालतात.” हे खरं होतं, पण ही मेहनत नव्हती. तिनं पुढं लिहिलं, “खिडकीतलं ऊन सरकलं की ते चुकतात. दोघांनी ते आज चौदा वेळा पुन्हा लावले. अंकित फरशीवर झोपून स्क्रू फिरवायचा आणि मेघा फाइलनं सावली धरायची.” चौदा हा आकडा आपण मोजला होता, हे लिहिल्यावरच तिच्या लक्षात आलं. मग तिनं अजून एक वाक्य लिहिलं. “चौदा वेळांत एकदाही एकमेकांवर ओरडले नाहीत.”

याच्याखाली नऊ लिहायचे?

तिनं पेन टेकवलं, उचललं. नऊ हा आकडा त्या ओळींखाली बसेचना. पंधरा? पंधरा का, पाच कशाचे कापले? सावली नीट धरली नाही म्हणून? ती धरली होती. कुठून एक तरी गुण कापता येईल याचा तिनं अगदी मनापासून विचार केला, कारण तो एक गुण तिला हवा होता. पलीकडे मेघा चिठ्ठीवर हाताचा आडोसा करून लिहीत होती आणि अंकित तिच्या खांद्यावरून डोकावत होता. शेवटी ऋचानं वीस लिहिले, घाईनं घडी घातली आणि चिठ्ठी बबनरावांच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकली. टाकल्या टाकल्या तिला भूक जाणवली.

तिनं खुर्चीवरचा डबा उघडला. पोळ्या गार झाल्या होत्या, भेंडी तेल सोडून बसली होती. तिनं सगळं खाल्लं.

“काय लिहिलंस?” चहा पिऊन आलेल्या बाबांनी हळूच विचारलं.

“जे पाहिलं ते.”

“आणि आकडा?”

“तोही पाहिला तेवढाच,” ऋचा म्हणाली. बाबांना काही समजलं नसावं, पण त्यांनी पुढं विचारलं नाही.

साडेचारला बबनराव माईकसमोर उभे राहिले आणि पहिल्या रांगेतल्या मॅडमनी आधीच कानांवर हात ठेवले. त्यांनी तिसरा नंबर सांगितला, मग दुसरा. “सात नंबर, एक्क्यान्नव.” मग पहिला. “आठ नंबर, त्र्यान्नव.”

अंकितनं जागच्या जागी तीन उड्या मारल्या. मेघानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बराच वेळ झाकूनच ठेवलं. ऋचानं टाळ्या वाजवल्या. पहिल्या चार टाळ्या वाजवायला तिला जोर लावावा लागला, पुढच्या आपोआप वाजल्या. पुणं गेलं होतं. पण एक्क्याण्णव हे काही तिला कळेना. चौऱ्याहत्तर वजा केले तर सतरा उरतात. ती सात धरून बसली होती.

“दोनच गुण!” बाबा कुजबुजले. “मी विचारू का त्यांना, हे शेजारचे गुण नेमके कसे...”

“नको बाबा. प्लीज.”

बबनराव टेबलाटेबलावर चिठ्ठ्या देत फिरत होते. सात नंबरपाशी ते थांबले, चिठ्ठी तिच्या हातात ठेवली आणि पुढं गेले. वहीच्या रेघांवर लिहितात तसं गोल, ठसठशीत अक्षर होतं.

“तिनं वाटी सत्तावीस वेळा काढली आणि पुन्हा लावली. दाणे सांडले की स्वतः वेचायची आणि मोजायची. डबा आला तरी जेवली नाही. मशीन सोडताना दर वेळेस त्याच्याजवळ वाकून ‘जमेल’ म्हणायची. सोबत कोणी नव्हतं. गुण १७. तीन कमी केले कारण वाटीखाली बांधायला सायकलची ट्यूब पाहिजे होती. आमच्या वाटीखाली तीच आहे म्हणून दाणे उडत नाहीत, आणि आमच्यापाशी उरली होती. तिनं एकदाही मागितली नाही.”

ऋचानं चिठ्ठी दोनदा वाचली. आपण यंत्राशी बोलतो, हे तिला माहीतच नव्हतं. सत्तावीस तिनंही मोजले नव्हते. फेऱ्या मोजल्या होत्या, वाटी किती वेळा काढली ते नाही. ते कुणीतरी मोजलं होतं. इतक्या सगळ्या ओळींत किट हा शब्द कुठंच नव्हता, कंपनी नव्हती, बंगळुरू नव्हतं. पुण्यात वीस मिनिटं प्रश्न विचारून जे कळलं असतं, ते या मुलीनं न विचारता लिहून ठेवलं होतं. ऋचाला इतका आनंद झाला की तिला बाबांकडे बघता येईना. तिनं पाठ वळवली आणि डोळे पुसले.

मग शेवटच्या तीन वाक्यांचा राग आला. ती चिठ्ठी घेऊन तडक आठ नंबरवर गेली.

मेघा बॅटरी सोडवून जुन्या टॉवेलात गुंडाळत होती. ऋचाला येताना बघून ती उभी राहिली.

“तीन कापलेस,” ऋचा म्हणाली.

“मंग? जे पाह्यलं तेच लिवलं.” मेघाचा आवाज जरा चढलाच होता, पण बोटं टॉवेलाशी चाळा करत होती. “तूबी लिवलं ना. म्या वाचलं. चौदा वेळा. मले तं वाटलं तू आमच्याकडं पाह्यतच नाई.”

“ट्यूब उरली होती तर तू का नाही दिलीस?”

मेघानं टॉवेलाची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“मी म्हनलं होतं इले, दे म्हनून,” अंकित मध्येच म्हणाला.

“तू गप राह्य बे.” मेघानं ऋचाकडे बघितलं. “तुह्यापाशी एवढं सारं होतं. खोकंच केवढं मोठं. त्यात लॅपटॉप. मले वाटलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा देल्ला तं हासशीन.”

मी कशाला हसेन, असं ऋचाच्या ओठांवर आलं होतं. पण सकाळी नऊ वाजता कदाचित हसलीही असती. नसती हसली तरी नको म्हणाली असती, हे मात्र नक्की.

“मग मीही तुझे तीन कापायला हवे होते,” ती म्हणाली. “तू दिली नाहीस म्हणून.”

मेघानं क्षणभर विचार केला. तिची बोटं मांडीवर भराभर हलली.

“मंग माहे नव्वद,” ती म्हणाली. “तुहे एक्क्यान्नव. पुन्याले तं तूच गेली असती व!”

अंकितनं झटक्यात टेबलावरचं यंत्र उचललं आणि पोटाशी धरलं, कुणी आता गुण परत घ्यायला येणार असल्यासारखं. आधी मेघा हसली. मग ऋचाला हसू आवरेना. अंकितला कशाचं हसतात ते कळलं नाही, तरी थोड्या वेळानं तोही हसायला लागला, पण यंत्र त्यानं काही खाली ठेवलं नाही.

दाराशी बाबा गाडीची किल्ली हातात घेऊन उभे होते. “ऋचा, निघायचं ना बेटा?”

“पंधरा मिनिटं, बाबा.”

“लवकर आन मंग,” मेघा म्हणाली. “आमची बस साडेपाचची हाय.”

ऋचा पळत सात नंबरवर गेली. पिवळं यंत्र दोन्ही हातांनी उचलून तिनं आठ नंबरवर आणून ठेवलं. वाटीखालचे दोन्ही स्क्रू सोडवले आणि हात पुढं केला.

“मागतेय,” ती म्हणाली.

मेघानं पिशवीतून ट्यूब काढली, कात्री काढली, आणि वाकून वाटीखालची जागा बोटानं मोजली.

“केवढी कापू?”